बिनसमुद्राची बोट

घासूच्या पलंगाखाली एकतीस पोस्टरं होती. आगगाड्यांची अकरा, बोटींची नऊ, बस आणि मोटारींची मिळून सात, ट्रामची तीन आणि विमानाचं एक. सगळी जुनी, लोकांनी प्रवासाला निघावं म्हणून भिंतींवर लावायची. दोन प्लायवूडच्या फळ्या, त्यांच्यामध्ये पोस्टरं, आणि दर दोन पोस्टरांमध्ये एक कोरा पातळ कागद. फळ्यांना सुतळीचे दोन वेढे. गाठ अशी, की एका हाताने सुटावी.

पलंगावर त्याची बायको झोपायची.

"माझ्या पाठीखालून सगळं जग गावाला जातं," ती म्हणायची, "आणि मी चाळीस वर्षं ह्याच दोन खोल्यांत. एखादं तिकीट माझंही काढा की."

"पोस्टर बघ. बसल्या जागी प्रवास."

"बघितलं. त्या बोटीवरची बाई मला हसते."

जुनी पोस्टरं जमवणारे शहरात आणखीही होते. कुणाला रंग आवडत, कुणाला जुन्या गाड्या. घासूचं कारण वेगळं होतं. ही एकतीस पोस्टरं त्याने स्वतःच्या हातांनी पुसली होती.

तो शिळाप्रेसमध्ये होता. तिथे चित्र दगडावर काढत आणि दगडावरून कागदावर छापत. एका पोस्टराला चार दगड लागायचे, पिवळ्याचा, तांबड्याचा, काळ्याचा आणि निळ्याचा. दगड चार बोटं जाड, दोघांनी गाडीवर चढवायचा. छपाई झाली की चित्राचं काम संपलं. मग तो दगड खाली घासूच्या हौदावर यायचा. दगडावर वाळू, वाळूवर पाणी आणि वरून दोन्ही हातांनी फिरवायची लोखंडी जड चकती. आधी जाड वाळू, मग मध्यम, मग पिठासारखी. चित्र डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणजे गेलं, असं नाही. शाईतली चरबी दगडात मुरते. घासायला कमी पडलं, तर पुढच्या छपाईत जुनं चित्र नव्यातून वर येतं. त्याला छापखान्यात भूत म्हणत. चौतीस वर्षांत घासूच्या एकाही दगडातून भूत आलं नाही.

नाव मुकादमाने ठेवलं. चौथीत तीनदा बसलेल्या मुलाला सगळे घासू म्हणतात, हे कळल्यावर त्याच्या आईला फार बरं वाटलं होतं. पोरगा छापखान्यात जाऊन अभ्यासाला लागला, असा तिचा समज झाला. तो त्याने शेवटपर्यंत मोडला नाही.

पोस्टर हातात आलं, की तो चित्र नंतर बघायचा. आधी दगड आठवायचा. "ह्या इंजिनाचा काळा पाच तास गेला नाही. खांदा भरून आला होता." किंवा, "ही ट्राम सोपी. दीड तास. तुझ्या डोहाळजेवणाच्या दिवशी..." आणि मग, "जाऊ दे, तुला कशाला सांगतोय." बायको म्हणायची, "लोक पोरांचे जन्म आठवतात, ह्यांना दगड आठवतात."

पण एक दगड असा होता, की त्याबद्दल तो बायकोशीही कधी बोलला नव्हता.

छापखान्यात नियम होता. दगडाचं काम संपलं, की चित्र काढणाऱ्याने खाली येऊन त्याच्या कडेवर खडूने फुली मारायची. फुली असेल तर घासायचा. नसेल तर वर जाऊन विचारायचं. चित्रांची खोली वरच्या मजल्यावर होती, तेवीस पायऱ्यांवर. तिथे पाच पुरुष आणि एक बाई चित्रं काढत. तिला सगळे नुसतं बाई म्हणत, दुसरी बाई छापखान्यात नव्हतीच. दगडावर चित्र उलटं काढावं लागतं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. बाई अक्षरंसुद्धा सरळ हाताने लिहावीत तशी उलटी लिहायच्या. चित्रांचं खातं सांभाळणारा म्हातारा त्या वर्षी निवृत्त होणार होता. त्याच्या जागी बाई येणार, हे सगळे धरून चालले होते.

घासू तेव्हा तिशीतला. त्या दिवशी सकाळपासून तो नऊ वेळा वर जाऊन आला होता, नऊही वेळा दुसऱ्यांच्या निरोपांसाठी. दुपारी घासायच्या फळीवर एक दगड दिसला; मशीनवर जायचे दगडही हमाल कधी कधी तिथेच टेकवून जात. त्यावर समुद्र होता. बोटीच्या पोस्टराचा निळा. कडेवर फुली नव्हती. फळी ओली होती, वरून पाणी ठिबकत होतं. ओल्या कडेवरचा खडू जातो, असं पूर्वी दोनदा झालेलं होतं. घासू दोन्ही वेळा वर जाऊन विचारून आला होता.

त्या दिवशी तेवीस पायऱ्या त्याच्या जिवावर आल्या.

आळशी म्हणावं, तर तो आळशी नव्हता. त्याने तो समुद्र साडेतीन तास घासला. लाटांच्या रेघा बारीक होत्या, पण शाई खोल गेली होती. तेवीस पायऱ्या वाचवायला साडेतीन तास. हा हिशेब त्याने पुढे अनेकदा करून पाहिला. तो कधीच जुळला नाही.

संध्याकाळी मशीनवाला हौदावर आला. "निळा कुठाय रे? पिवळा, तांबडा, काळा चढला. आता समुद्र चढवायचाय."

पाच मिनिटांत हौदाभोवती माणसं जमली. मुकादम, मालक, बाई. दगड समोर होता, स्वच्छ, कोरा, दुधाच्या चौकोनी सायीसारखा. काम उत्तम झालं होतं.

"फुली होती?" मालकांनी विचारलं.

घासूने मान वर केली नाही. "होती."

एवढंच. एक शब्द. कड ओली होती, कुणाला काही सिद्ध करता येण्यासारखं नव्हतं. बाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटांना खडू होता. त्यांच्या बोटांना रोजच खडू असायचा.

"मग माझ्याच हातून झालं असेल," त्या म्हणाल्या.

त्यांनी नमुन्याच्या तावावरून समुद्र पुन्हा काढला. दोन दिवस लागले. पोस्टर वेळेवर गेलं, बंदराच्या भिंतींवर लागलं. मालक त्यांना एक शब्दही वावगा बोलले नाहीत. पण म्हातारा निवृत्त झाला, तेव्हा त्याची जागा दुसऱ्याला मिळाली. तो बाईंनंतर सात वर्षांनी लागला होता आणि त्याची अक्षरं डावीकडे कलायची.

त्यानंतर बाईंची एक सवय झाली. आपला कुठलाही दगड खाली आला, की त्या स्वतः उतरून यायच्या. कड बघायच्या. वर जायच्या. पुन्हा उतरून यायच्या. "फुली मीच मारली ना रे?" "तुम्हीच मारली, बाई." आणखी एकदा यायच्या. घासूने वाचवलेल्या तेवीस पायऱ्या बाईंनी पुढची बारा वर्षं भरल्या. घासू हौदावर मान खाली घालून चकती फिरवायचा. सांगावं, असं रोज वाटायचं. एका दिवसाने सांगितलं असतं, तर ओरडा बसला असता. महिन्याने सांगितलं असतं, तर नोकरी गेली असती. वर्षाने सांगायचं, तर कुठल्या तोंडाने, हा प्रश्न. मग छापखाना बंद पडला आणि माणसं पांगली.

पोस्टरं जमवायला तो निवृत्तीनंतर लागला. छापखाना वाया गेलेले ताव गल्लीतल्या फ्रेमवाल्याला द्यायचा. फ्रेमवाला ते फोटोमागे, पुठ्ठ्याच्या आत घालायचा. लहान फ्रेम असेल तर कापून, मोठी असेल तर अख्खा ताव. त्यामुळे शहरातल्या निम्म्या आजोबांच्या पाठीमागे एकेक आगगाडी उभी होती आणि कुणाला पत्ता नव्हता. दुकान आता फ्रेमवाल्याची मुलगी चालवायची. जुन्या फ्रेमी उघडल्या, की मागचा कागद ती घासूसाठी ठेवायची. त्याबदली तो शनिवारी जाऊन तिच्या पटाशांना धार लावायचा आणि काचांच्या कडा घासून द्यायचा. एकही कड अशी नव्हती, की बोट फिरवलं तर कापेल.

एका शनिवारी ती म्हणाली, "काका, आधी हात कोरडे करा. एक काढून ठेवलंय."

त्याने हात पुसले. दोनदा पुसले. तिने टेबलावर ताव उलगडला.

बोट होती. तांबडं धुराडं, पिवळं डेक, कठड्याशी उभी माणसं, रुमाल हलवणारी एक बाई, सगळं काळ्या रेघांनी नीट बांधलेलं. आणि बोटीखाली काही नव्हतं. पांढरा कागद. बोट हवेत लटकलेली.

"ह्यात समुद्र कुठाय हो?" फ्रेमवाली म्हणाली. "छापायला विसरले वाटतं."

निळा चढायच्या आधीच वाया गेलेला तो ताव होता. तांबडा एका केसाने सरकला होता, म्हणून बाजूला काढलेला. घासूने खुर्ची ओढली.

"कुणाच्या फ्रेममागून निघालं?"

"तुमच्या छापखान्यातल्या बाईंच्या. आईवडिलांच्या मोठ्या फोटोमागे होतं. कायमच्या मुलीकडे चालल्यात, सोमवारी. काचा वाटेत फुटतील म्हणून फोटो सोडवून द्यायला सांगितलेत." तिने त्याच्याकडे पाहिलं. "पाणी देऊ का, काका?"

चव्वेचाळीस वर्षं ती बोट बाईंच्याच भिंतीवर होती, भिंतीकडे तोंड करून.

घरी आल्यावर त्याने ताव पलंगावर ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं. सांगायला चार मिनिटं लागली. चव्वेचाळीस वर्षं लांबवलेलं काम चार मिनिटांचं निघालं.

"मला का नाही बोललात?"

"तुला काय बोलणार."

"म्हणजे मी चाळीस वर्षं एका चोराला डबा दिला." ती उठली, पुन्हा बसली. "दगडातलं तेवढं नीट घासलंत. हे राहिलं."

"उद्या जातो. हा ताव देतो आणि सांगतो."

"ताव कशाला?"

"त्यांचाच आहे. रिकाम्या हाताने कसा जाऊ?"

"लाच आहे ती," बायको म्हणाली. "चित्र बघून त्या खूश होतील, म्हातारपणी डोळ्यांत पाणी येईल, तुम्ही चहा पिऊन परत याल. मी ओळखते तुम्हाला. सांगायचं असेल तर जा, नाहीतर ताव कुणाच्या तरी हातून पाठवा."

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "निळा सदरा घालून जा. इस्त्री करून ठेवते." आणि आत जाताना, "गुडघ्याला पट्टी बांधा. त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, फ्रेमवालीने सांगितलं असेल ना?"

फ्रेमवालीने पत्ता दिला होता, मजला सांगितला नव्हता; बायकोला तो बाजारातल्या गप्पांतून कळलेला.

रविवारी सकाळी तो चढला. एका मजल्याला अठरा, तीन मजल्यांच्या चौपन्न पायऱ्या. तिसावीवर थांबला, बेचाळिसावीवर थांबला. ताव गुंडाळी करून काखेत होता.

दार बाईंनीच उघडलं. वय ऐंशी. पाठ थोडी वाकलेली, हात तेच. मागे खोलीत खोकी बांधलेली, भिंतींवर फोटोंचे फिकट चौकोन.

"अरे, घासू! जिवंत आहेस?"

"आहे, बाई."

"मग आत ये, तसा दारात काय पोस्टमनसारखा उभा. थांब हं, गॅस बंद केला की नाही बघते." त्या आत गेल्या. आल्या. बसल्या. पुन्हा उठल्या. "केला होता. एकदा आणखी बघते." तिसऱ्यांदा आल्यावर हसून म्हणाल्या, "मुलगी वैतागते माझ्या ह्या सवयीला. तिला काय माहीत. तुला माहीत आहे."

"हे तुमच्या आईवडिलांच्या फोटोमागे निघालं," घासू म्हणाला. त्याने ताव खोक्यावर पसरला आणि चारी कोपरे हातांनी दाबून धरले.

बाई वाकून बघत राहिल्या. चष्मा काढला, पुसला, घातला. रुमाल हलवणाऱ्या बाईवर त्यांनी बोट टेकवलं.

"ही माझी आई. चेहरा तिचा घातला होता, कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्याच फोटोमागे होती म्हणतोस? बघ गंमत." मग त्यांचं बोट खाली पांढऱ्या कागदावर आलं. "आणि हा माझा पराक्रम. हात कसा गेला रे माझा त्या दगडावर? मी अजून आठवते. सकाळी खडू घेतला, खाली आले, दोन दगडांवर फुल्या मारल्या. तिसऱ्यावर मारल्याचं मला आठवतच नाही. आठवत नाही आणि मारली होती. तेव्हापासून माझा माझ्या हातावर विश्वास नाही बघ."

आता चहा झाला असता. डोळ्यांत पाणी आलं असतं. बायको म्हणाली होती ते सगळं अगदी तोंडापर्यंत आलं होतं. घासूने कोपरे सोडले. कागद आपोआप गुंडाळला गेला.

"बाई, फुली नव्हती."

"काय?"

"त्या दगडावर फुली नव्हती. मी खोटं बोललो. फुली नसताना घासला."

बाई खोक्यावर बसल्या. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. बऱ्याच वेळाने झाली आणि गेली.

"का?"

"वर येऊन विचारायला पाहिजे होतं. तेवीस पायऱ्या होत्या. कंटाळा केला."

"तेवीस पायऱ्या."

"हो."

"घासू, मला त्या खात्याची मुख्य करणार होते."

"माहीत आहे."

"मी माझा हात..." त्यांनी उजवा हात समोर धरला, उलटा केला, सुलटा केला. दुसऱ्या कुणाचा तरी परत मिळालेला हात तपासावा तसा. "चव्वेचाळीस वर्षं."

पाय धरावे, असं घासूला वाटलं, पण तेही सोपं झालं असतं. तो उभा राहिला. बाई रागावल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत. चष्म्यावरून त्यांनी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. पॅंटमधून पट्टीचा फुगवटा दिसत होता.

"दुखतो?"

"चढताना."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग आता खाली जा."

घासूने मान हलवली. अपेक्षा हीच होती. तो दाराकडे वळला.

"अरे, कायमचा कुठे चाललास? तेवीसच उतर. मोजून. आणि तेवीस चढून ये, आणि विचारायचं होतंस ते विचार."

त्याने वळून बघितलं. बाई थट्टा करत नव्हत्या. थट्टा करताना त्यांचा आवाज असाच असायचा, हे मात्र त्याला आठवलं.

तो उतरला. अठरा पायऱ्या आणि आणखी पाच. तेविसावी दोन मजल्यांच्या मध्येच आली. तिथे तो भिंतीला टेकून उभा राहिला. वरचं एक दार उघडलं, एका माणसाने डोकं बाहेर काढलं.

"कोण पाहिजे?"

"कुणी नाही. वर चाललोय."

"मग खाली का उतरलात?"

"मागचं काम राहिलं होतं," घासू म्हणाला आणि चढायला लागला.

एक. दोन. तिसरीला गुडघा बोलला. सातवीला त्याने कठडा धरला. बाराव्या पायरीवर त्याला हौदाचा वास आला, ओल्या वाळूचा आणि शाईचा. तो थांबला नाही. थांबला असता, तर मोजणी चुकली नसती, पण ह्या पायऱ्या थांबून चढायच्या नव्हत्या. एकोणीस. वीस. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तेवीस.

दार उघडं होतं. मघाशी आत असलेली खुर्ची आता उंबरठ्याला लागून ठेवलेली होती, त्याला दोन पावलंही जास्त पडू नयेत अशी. खुर्चीवर पाण्याचा पेला. बाई खोक्यापाशी उभ्या होत्या आणि ताव पसरून चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली होती.

घासूने पेल्याला हात लावला नाही. आधी काम.

"बाई," त्याला दम खावा लागला, "खाली एक दगड आहे. समुद्राचा. फळीवर आहे, पण कडेवर फुली नाही. घासायला घेऊ का?"

बाईंनी तावाकडे पाहिलं. बोटीखालच्या पांढऱ्या जागेवरून त्यांनी तळहात सावकाश फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तो उजवा हात होता.

"नको," त्या म्हणाल्या. "निळा अजून चढायचाय. बरं झालं विचारलंस."

मग घासू खुर्चीत बसला आणि पाणी प्यायला.

घरी बायको दारातच होती. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या? माफ केलं?"

घासूने विचार केला. "तसं काही बोलल्या नाहीत. खुर्ची दिली."

"आणि चहा?"

"केला. स्वतः केला." तो गुडघ्याची पट्टी सोडायला लागला. "गॅस बंद केला आणि येऊन बसल्या."

बायकोला त्यात सांगण्यासारखं काय आहे, ते कळलं नाही. घासू बराच वेळ पट्टी गुंडाळत बसला होता.

"म्हणजे माझ्या पाठीखाली बत्तिसावं येत नाही," ती म्हणाली.

"नाही. ते उद्या बाईंबरोबर जातंय. आगगाडीने."